बारा खोटे मासे

माझ्या वडलांनी एकदा गणपतीपुढचा उंदीर असा रंगवला, की शेजारच्या मांजरीनं तो तोंडात धरून पळवला. तीन घरं ओलांडल्यावर तिचा दात मातीला लागला, तेव्हा ती लाजली आणि उंदीर होता तिथं आणून ठेवून गेली. ही गोष्ट मी आजवर चारशे वेळा तरी सांगितली असेल, आणि ती खोटी आहे. मांजर कधी काही परत आणून देतं का? आता सांगते ती मात्र खरी आहे. हिला लोक जास्त हसतात, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

साल सहासष्ट. तारापूरला समुद्राकाठी अणूवर चालणारा विजेचा कारखाना उभा राहत होता. तिथल्या एका ठेकेदार कंपनीच्या स्टोअरमध्ये आमचे हे कारकून होते. हंगामी कारकून. आंब्याला हंगाम असतो, उसाला असतो. यांचा हंगाम तीन वर्षं संपला नव्हता. दर तीन महिन्यांनी कंपनी यांना एक दिवस घरी बसवायची, दुसऱ्या दिवशी नवा माणूस म्हणून घ्यायची. त्या एका दिवशी सासूबाई यांच्याकडे अशा बघत, जसा काही मुलगा नापास होऊन आलाय. कायम झाले तर बोईसरची दोन खोल्यांची क्वार्टर राहणार, नाही तर गाठोडी बांधून नागपूरला, थोरल्या जावेच्या स्वयंपाकघरात. थोरली जाऊ कशी होती ते विचारू नका. तिच्या धाकानं दूध उतू जायचं थांबायचं.

त्या स्टोअरचा एक नियम होता. तारापूरच्या हवेत मीठ फार. इतकं, की वरण अळणी झालं तर आम्ही पातेलं पाच मिनिटं खिडकीत ठेवत असू. त्या हवेनं लोखंड आठ दिवसांत गंजायचं. म्हणून आलेली प्रत्येक लोखंडी वस्तू आधी तांबड्या रंगाच्या पिंपात बुडवायची, टांगून वाळवायची, मग रजिस्टरात चढवायची. नियम चांगला होता. आमचे हे नियमाचे पक्के होते. हाच घोटाळा झाला.

साइटवर एक गोरा साहेब होता, यंत्रं बसवायला अमेरिकेहून आलेला. त्याला नाव होतं, पण ते दातात अडकायचं, म्हणून सगळे गोरा साहेबच म्हणत. त्याला मासे धरायचा भारी नाद. सुट्टी मिळाली की वैतरणेच्या खाडीवर जाऊन बसायचा. त्याची तऱ्हा आपल्यासारखी नाही. आपल्याकडे गळाला खाऊ लावतात. तो लाकडाचा रंगवलेला खोटा मासा लावायचा, बोटभर लांब, पोटाखाली आकडे. दोरीला बांधून पाण्यातून ओढला की मोठ्या माशाला वाटायचं छोटा मासा पळतोय, आणि तो येऊन चावायचा. म्हणजे फसवणूकच, पण कारागिरीची.

तर असल्या बारा खोट्या माशांचा डबा त्यानं अमेरिकेहून मागवला, आणि तो यंत्राच्या खोक्यांबरोबर स्टोअरमध्ये आला. साहेब पंधरा दिवसांसाठी दिल्लीला गेला होता. जाताना तीनदा विचारून गेला होता, माझा डबा आला का. आमच्या यांनी डबा उघडला. लोखंडी आकडे दिसले. रजिस्टरात लिहिलं, "मासा, लाकडी, लोखंडी आकड्यांसह, नग बारा," आणि बाराच्या बारा तांबड्या पिंपात बुडवून तारेवर टांगले. वर दिनानाथ साहेबांची सही घेतली. दिनानाथ साहेब म्हणजे स्टोअरचे मुख्य. ते कागद वाचून सही करणाऱ्यांपैकी नव्हते.

डबा कुणाचा ते कळल्यावर दोघांनी मिळून ते मासे रॉकेलमध्ये घातले. दोन दिवसांनी तांबडा रंग निघाला, त्याच्याबरोबर अमेरिकेचा रंग निघाला, आणि माशांचा सांधा सुटून प्रत्येकाच्या दोन फाकी झाल्या. आकडे तेवढे वाचले. दिनानाथ साहेबांनी यांना बाजूला घेतलं. म्हणाले, चंद्रभान, तुमची मिसेस चिताऱ्याच्या घरची ना? साहेब परत यायला बारा दिवस आहेत. बारा मासे, दिवसाला एक. आणि कायमच्या लोकांची यादी जानेवारीनंतर निघेल, तिच्यावर सही माझीच असते, हेही त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं.

हे घरी आले आणि फाकी झालेले मासे माझ्यापुढे ताटात ठेवले. मी म्हटलं, तळू का?

आता माझं ऐका. मी नागपूरच्या चितारओळीतली. आमच्या घरी पोळ्याचे बैल, गणपती, गौरी, सगळं व्हायचं. सहाव्या वर्षापासून माझ्या हातात ब्रश. गणपतीचं सोवळं माझं, मुकुट माझा, उंदीर माझा. डोळे मात्र नाही. डोळे वडील आखायचे, ते थकल्यावर भाऊ. बाईमाणसानं डोळे आखायचे नाहीत, असा आमच्यात रिवाज. का, ते कुणी सांगितलं नाही. दोनशे गणपती आंधळे असताना मी सजवले, आणि डोळे आखायच्या दिवशी मला भाकरी भाजायला आत पाठवत. त्यामुळे मासा रंगवणं मला नवीन असलं तरी माझ्या मनात पहिल्यांदा एकच आलं. माशालाही डोळे असतात, आणि इथं बोईसरला माझा भाऊ नाही.

सुरुवात लाकडापासून. शेजारी नागोराव राहायचे, नकाशे काढायच्या खात्यात, तेही हंगामीच. त्यांना कशातलं काही विचारा, आधी "सोपं आहे" म्हणायचे. त्यांनी सांगितलं, लाकूड सागाचंच हवं, साग म्हणजे राजा. हे पालघरला जाऊन सागाच्या ढलप्या घेऊन आले. नागोरावांनी पटाशीनं मासा कोरला. आकडे लावून बादलीत सोडला. तो जो तळाशी जाऊन बसला, तो सरकारी अर्जासारखा वर यायचं नावच घेईना. नागोराव म्हणाले, अमेरिकेचं पाणी जड असेल.

तेवढ्यात भागी आली. भागी तारापूरकडच्या मच्छीमारांच्या वस्तीतली, पाटी डोक्यावर घेऊन कॉलनीत मासे विकायची. आम्ही विदर्भातली माणसं, आम्हाला बोंबील आणि मांदेली यातला फरक तिनंच शिकवला, तोही दोनदा चुकीचा शिकवून. तिनं बादलीत डोकावून बघितलं आणि पाटी खाली ठेवून हसायला बसली.

"बाय, सागाचा मासा? बुडून मरंल तो. पांगारा घे. आमचे जाल्याचे तरंगते बोये पांगाऱ्याचे अस्तात. हलका हाय, पान्यावर नाचतो."

पांगारा आणला बेटेगावच्या जिव्यानं. जिव्या वारली, पन्नाशीचा, कॉलनीत सरपणाच्या मोळ्या द्यायचा. कोयत्यानं त्यानं अंगणात बसून अर्ध्या दिवसात बारा मासे कोरले. आमचे हे माप घेऊन बसले होते. बघतात तर एक लांबट, एक फुगलेला, एक शेपटीला वाकडा. हे म्हणाले, जिव्या, सगळे एकसारखे हवेत, रजिस्टरात एकच नोंद आहे. जिव्यानं कोयता मांडीला पुसला.

"दोन मासे कवा एकसारके देकलेत काय, भाऊ?"

यांनी दोन मासे कधी लक्षपूर्वक बघितलेच नव्हते, त्यामुळे विषय तिथं संपला.

मग रंग. मला येत होते ते घरचे रंग, खडूची भुकटी, डिंक आणि बाजारातल्या पुड्या. सहा मासे मी त्यात रंगवले. दिसायला असे झाले, की भागीची पाटी लाजावी. चाचणी म्हणून न्हाणीतल्या घंगाळात सोडले आणि भाजी चिरायला गेले. डिंक पाण्यात विरघळतो हे गणपती विसर्जनाला सगळं गाव बघतं, मला ते त्या दिवशी आठवलं नाही. सासूबाई न्हाणीत गेल्या, अंधार होता, तांब्यातांब्यानं अंगावर पाणी घेतलं आणि बाहेर आल्या त्या रंगपंचमी खेळून. मार्गशीर्षातला गुरुवार होता. त्या आठ दिवस गुलाबी होत्या. देवळात एका बाईनं त्यांना विचारलं, आजी, तुमच्यात काय कार्य आहे?

म्हणजे तेलाचा रंग हवा, आणि तो स्टोअरमध्येच होता. पण मागणीपत्रात "कोणत्या कामासाठी" असा एक रकाना होता. "मासे रंगवण्यासाठी" असं लिहिण्याची छाती कुणाची नव्हती. दिनानाथ साहेबांनी लिहिलं, "धोक्याच्या पाट्या." चंदेरी, पिवळा, लाल, काळा आणि पांढरा, पाच डबे मिळाले. दोन दिवसांनी वरून एक तपासणीस आले आणि म्हणाले, पाट्या दाखवा. झालं. बारा माशांना दिवस उरले सहा, आणि मी चार दिवस "धोका" लिहीत बसले. वर कवट्या काढल्या. कवटीला डोळे नसतात, म्हणून तिच्यात मला कुणाचा रिवाज आडवा आला नाही. नागोराव येऊन म्हणाले, वहिनी, कवटी जरा प्रसन्न दिसतेय. मी म्हटलं, तिची नोकरी कायम आहे.

उरलेल्या दोन दिवसांत मासे रंगवले. पाठ काळसर, कुशी चंदेरी, कल्ल्यापाशी लाल. त्या हवेत तेलाचा रंग वाळेना. दोरीवर टांगून ठेवले तर डास येऊन चिकटले. एक एक डास चिमट्यानं काढताना त्याच्या पायांचे ठसे रंगात राहिले. गोऱ्या साहेबानं पुढे त्या ठशांचंच फार कौतुक केलं म्हणे, खवले किती बारीक.

आणि त्याच दुपारी तो बोका आला. कॉलनीतला, एका कानाचा. त्यानं उडी मारून दोरीवरचा मासा तोडला आणि तोंडात धरून पळाला. मी मागं. "मांजरानं मासा नेला" असं ओरडत मी तीन ओळी पळाले, आणि बायका दारात उभ्या राहून म्हणत होत्या, मग मांजर काय वांगी नेणार? बोक्यानं वळसा घालून मासा नागोरावांच्या छपरावर टाकला. त्याच्या पाठीवर दाताच्या दोन खुणा होत्या. लांबी, म्हणजे खडू आणि तेलाचा लगदा, भरून मी त्या बुजवल्या. सांगायची गोष्ट अशी, की माझ्या वडलांच्या उंदराची थाप माझ्या डोळ्यांदेखत खरी झाली होती, आणि ती मी कुणाला सांगणार? हळदीकुंकवात मी उंदराची गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की शालूवहिनींनी, म्हणजे दिनानाथ साहेबांच्या मिसेसनी, माझं नाव "मांजरवाल्या" ठेवलं होतं.

शेवटी डोळे राहिले.

खारीच्या शेपटीच्या केसांचा एक ब्रश मी माहेराहून येताना आणला होता. भावाचा होता. चोरलाच म्हणा. सकाळी अंघोळ करून बसले. पहिल्या माशाचा पहिला डोळा आखायला ब्रश उचलला आणि तो तसाच खाली ठेवून दोन पोळ्या लाटून आले. मग आखला. काळं बुबुळ, भोवती बारीक लाल कड, आणि बुबुळात टाचणीच्या टोकानं एक पांढरा कण. तो कण पडला आणि मासा माझ्याकडे बघायला लागला. मी हे वाढवून सांगत नाहीये. वाढवून सांगायचं असतं तर बोललाही म्हटलं असतं. चोवीस डोळे आखले. कुणी मला भाकरी भाजायला आत पाठवलं नाही.

सासूबाई डोकावल्या. चोवीस डोळे त्यांच्याकडे बघत होते. त्या आत गेल्या आणि हळदकुंकू घेऊन आल्या. म्हणाल्या, डोळे उघडले म्हणजे देव बसला, आता याला आकडा कसा लावशील? मत्स्यावतारच हा. त्यांनी पूजा केली, गुळाचा नैवेद्य दाखवला, आणि आज संध्याकाळी विसर्जन करून टाक म्हणाल्या. बाराच्या बारा. आमचे हे आईपुढे हात जोडून उभे. शेवटी यांनी सांगितलं, आई, साहेब हे पाण्यातच सोडणार आहे, विसर्जन तोच करील. सासूबाई विचारात पडल्या. गोरा असला तरी पाण्यात सोडणार म्हणजे बरा माणूस दिसतो, असं त्यांचं मत झालं.

गुळाला लागलेल्या मुंग्या पुसून होईतो भागी आली. तिनं एक मासा हातात घेतला, उलटा केला आणि मान हलवली.

"बाय, वरून लई झाक केलास. पन मोटा मासा वरून बगतो काय? तो खालतून येतो. त्याला दिसतं पोट. आनि पोट तं तू तसंच कोरं ठेवलंस."

खरंच की. मी पाठ सजवली होती, कुशी सजवल्या होत्या, जेवढं साहेबाला हातात धरल्यावर दिसेल तेवढं. ज्याला फसवायचं त्याच्या बाजूला कोरं लाकूड. नोकरदार माणसाची बायको, दुसरं काय होणार. वरच्यांना दिसेल तेवढंच रंगवायची सवय.

पोटं पांढरी करायला घेतली, आणि तेव्हा मला वडील आठवले. मूर्ती पूर्ण झाली की ते ती आडवी करून पाटाच्या खालच्या बाजूला शिसपेन्सिलीनं आपलं नाव लिहीत आणि वरून पांढरा हात मारत. मी विचारलं होतं, कुणाला दिसणार? म्हणाले, पाणी वाचतं. मूर्ती विरघळली की सगळ्यात शेवटी नाव उरतं.

मी पेन्सिल घेतली. बारा पोटांवर माझं नाव लिहिलं, वरून पांढरा रंग दिला. आठ वर्षांत मी स्वतःचं नाव कुठं लिहिलं नव्हतं. कोण लिहायला सांगणार? हाताला जे ठाऊक होतं ते हातानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हे डबा घेऊन गेले. संध्याकाळी आले आणि म्हणाले, दिले, झालं काम. मी विचारलं, साहेब काय म्हणाला? हे म्हणाले, पाय धुवायला पाणी दे.

पंधरा दिवसांनी मला कळलं ते भागीकडून. गोऱ्या साहेबाला दिनानाथ साहेबांनी सांगितलं होतं, की तुमचे मासे समुद्राच्या हवेनं खराब झाले, म्हणून माझ्या बायकोनं तुमच्यासाठी हे हातानं केले. साहेब डबा घेऊन वैतरणेला गेला आणि त्याच्या गळाला जिताडा लागला. जिताडा हा खाडीतला राजा मासा. केवढा, ते मी सांगत नाही, तुमचा माझ्यावर विश्वास नाही. भागी म्हणाली, दोघांनी बांबूला लटकवून आणला. ती दिनानाथ साहेबांच्या बंगल्यावर मासे द्यायला जायची. तिथं शालूवहिनी शेजारणींना सांगत होत्या, की साहेब त्यांचा सत्कार करणार आहे, सव्वीस जानेवारीला, क्लबात.

मी यांना विचारलं. हे जेवत होते. म्हणाले, यादी निघेपर्यंत गप्प राहा, एवढं माझ्यासाठी कर. मी म्हटलं, बरं. खरंच सांगते, गप्प राहायचं ठरवूनच मी सव्वीस जानेवारीला गेले. आम्हाला राहायला दोन खोल्या हव्या होत्या. नाव काय, खोलीत टांगता येत नाही.

क्लब म्हणजे पत्र्याची लांब शेड. झेंडा झाला, लाडू झाले. टेबलावर हिरव्या कापडावर माझे अकरा मासे मांडले होते. बारावा जिताड्यानं नेला होता. शालूवहिनी जांभळ्या नारायणपेठेत टेबलाशेजारी उभ्या. गोरा साहेब इंग्रजीत बोलला, दिनानाथ साहेब ते मराठीत सांगत होते. साहेब विचारतायत, डोळे एवढे जिवंत कसे जमले?

शालूवहिनी हसल्या. "डोळ्यांचं काय एवढं? कुकर लावला होता, तेवढ्यात दोन-दोन ठिपके देऊन टाकले."

ठिपके.

त्या आणखी काही म्हणाल्या असत्या तर मी बसून राहिले असते. पाठ माझी म्हणा, शेपटी माझी म्हणा, घ्या. पण मी उभी राहिले, आणि मला माझाच आवाज ऐकू आला. मी म्हटलं, वहिनी, ते मासे मी रंगवलेत.

सगळी शेड माझ्याकडे वळली. शालूवहिनींनी मान तिरकी केली. "रत्नाबाई, तो मांजरीनं पळवलेला उंदीर तुमच्याकडचाच ना?"

बायका हसल्या. मी सांगितलं, यातलाही एक मासा बोक्यानं पळवला होता, पाठीवर लांबी आहे बघा. मग तर पुरुषही हसले. खऱ्या गोष्टीचं एक वाईट असतं, तिला आपण वेळेवर आवरू शकत नाही. मी नागोरावांकडे बघितलं. त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर गेले. तेही हंगामीच होते, म्हटलं ना.

मी म्हटलं, पोट खरवडा. पांढऱ्याखाली माझं नाव आहे.

हे दिनानाथ साहेबांनी भाषांतर केलं नाही, पण गोऱ्या साहेबाला कळलं. त्यानं खिशातून चाकू काढून दिला. मी एक मासा उचलला. लांबीवाला. आपण आखलेल्या डोळ्यांसमोर त्याचंच पोट खरवडायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पांढरा पापुद्रा निघाला आणि खाली शिसपेन्सिलीची अक्षरं आली. दिनानाथ साहेबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

"नर्मदा."

मग शालूवहिनी सावकाश म्हणाल्या, "ही कोण? तुमचं नाव तर रत्ना."

माझं माहेरचं नाव नर्मदा. लग्नात बदललं. सगळ्यांचंच बदलतं, तिथं बसलेल्या प्रत्येक बाईचं बदललेलं होतं, शालूवहिनींचंसुद्धा. ब्रश हातात घेतला की माझा हात माहेरचाच होतो, त्यानं माहेरचं नाव लिहिलं. मी हे सगळं सांगितलं, पण मला वाटतं फार भरभर सांगितलं. शालूवहिनी म्हणाल्या, असं काय, कुणीही म्हणेल माझं नाव गंगा होतं.

मग दिनानाथ साहेब मागच्या रांगेकडे वळले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "चंद्रभान, तुमच्या मिसेसचं नाव काय हो?"

हे उभे राहिले. आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरले होते. त्यात अंगठीनं "रत्ना" हे नाव यांनीच लिहिलं होतं. लिहिण्याआधी माझ्याकडे बघून हळूच विचारलंही होतं, नर्मदा काही वाईट नव्हतं, नाही? तेव्हा मला वाटलं होतं, माणूस चांगला मिळाला. त्या शेडमध्ये नर्मदा कोण हे ठाऊक असलेला तो एकच माणूस होता. यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या माशांकडे बघितलं. मासे यांच्याकडे बघत होते.

"हिचं नाव रत्ना," हे म्हणाले आणि बसले.

खोटं बोलले नाहीत. कोर्टातही टिकेल असं बोलले.

गोऱ्या साहेबानं काहीतरी विचारलं. दिनानाथ साहेबांनी त्याला इंग्रजीत समजावलं, आणि मग आम्हालाही मराठीत सांगितलं, की नर्मदा ही आपली पवित्र नदी. आमच्या मिसेस भाविक आहेत, पाण्यात जाणाऱ्या वस्तूवर त्या नदीचं नाव घालतात. गोऱ्या साहेबाला ते इतकं आवडलं, की त्यानं माझ्या हातातून तो खरवडलेला मासा घेतला आणि त्याच्या पोटाला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. टाळ्या झाल्या. शालूवहिनींना ट्रान्झिस्टर मिळाला. बायका घरी जाताना मला म्हणाल्या, रत्नाबाई, आजची मात्र फार रंगली हो.

दुसऱ्या दिवशी भागी आली. तिला क्लबाच्या गेटातून आत यायला पास नव्हता, ती बाहेर पाटी घेऊन उभी होती म्हणे. म्हणाली, मना आत सोरली अस्ती तं मी बोलली अस्ती. मी म्हटलं, भागे, तुझी साक्ष कोण काढतंय, तू मासे विकतेस. तिनं त्या दिवशी मला दोन बांगडे जास्त टाकले. या सगळ्या प्रकरणात मला मिळालेलं बक्षीस तेवढंच.

मार्चमध्ये यादी निघाली. हे कायम झाले. पेढे घेऊन आले, आधी देवापुढे ठेवले, मग आईला दिला, मग माझ्यापुढे पुडा धरून उभे राहिले. मी पेढा घेतला. गोड होता, तेही सांगते. नागोराव हंगामीच राहिले. त्यांचा खोकला बहुतेक कमी पडला.

तो खारीच्या केसांचा ब्रश मी नंतर शिलाई मशीनला तेल द्यायला वापरला. वीस वर्षं टिकला. चांगला ब्रश होता.

आणि उंदराची गोष्ट मी सांगतच राहिले. तिला लोक अजूनही मान डोलावतात. माशांची सांगितली की नातवंडं म्हणतात, आजी, ही जरा जास्त होते. यांनी ती गोष्ट सांगताना मला कधी अडवलं नाही, आणि कधी हो म्हणून मानही हलवली नाही. पेपर वाचत बसायचे. पेपर उलटा धरलाय हे मी दोनदा पाहिलं.

यांच्या शेवटच्या आजारपणात पालघरच्या दवाखान्यात आम्ही आठ दिवस होतो. एका दुपारी मी खुर्चीत वाती वळत बसले होते. हे डोळे मिटून पडले होते. एकदम स्वच्छ आवाजात म्हणाले, "नर्मदे, पाणी दे."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. पहिल्यांदा.

मी उठले. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, यांच्या मानेखाली हात घालून पाजलं. ओठ पुसले.

मग म्हटलं, "इथं कोणी नर्मदा नाही. ती नदी आहे."

हे उशीवर पडल्या पडल्या माझ्याकडे खालून बघत राहिले. आणि खालून बघणाऱ्याला पोट दिसतं, हे मला भागीनं फार आधी शिकवून ठेवलं होतं.